विमान-स्की (लाकडी लष्करी विमानांच्या)

बर्फाळ मैदानावरून उडायला-उतरायला विमानाची चाकं काढून त्या जागी बसवतात त्या स्की. ही नोंद लाकडी विमानांच्या काळापुरती आहे, साधारण १९१० नंतर ते दुसरं महायुद्ध.

सुरुवात कुठे झाली यावर वाद आहे. काही जण थेट राइट बंधूंच्या १९०३ च्या फ्लायरपर्यंत मागे जातात, कारण त्याला चाकं नव्हतीच, लाकडी घसरपट्ट्या होत्या, पण ते विमान रुळावरून सोडायचे आणि उतरायचं ते वाळूवर, बर्फाचा काही संबंधच नाही, त्यामुळे हा दावा जरा ओढूनताणूनच वाटतो. रशियातलं, विमानं बनवणाऱ्या सिकोर्स्कीचं चार इंजिनांचं इल्या मूरोमेत्स हे विमान जास्त भक्कम उदाहरण आहे. पहिलं उड्डाण डिसेंबर १९१३ मधलं धरतात (जुन्या रशियन कॅलेंडरने १०, नव्याने २३, म्हणून पुस्तकांत दोन्ही तारखा सापडतात) आणि त्या हिवाळ्यात ते स्कीवरच उडत होतं. फेब्रुवारी १९१४ मधे त्याने १६ माणसं आणि एक कुत्रा वर नेला. पुढे पहिल्या महायुद्धात हेच बॉम्बर झालं. कॅनडात १९१७-१८ च्या हिवाळ्यात ट्रेनिंगच्या जेएन-४ विमानांना स्की लावल्या होत्या.

लाकूड मुख्यतः ऍश या झाडाचं, उत्तर अमेरिकेत हिकरीचंसुद्धा. दोन्ही धक्का सोसतात, तडकत नाहीत, वाफेवर पुढचं टोक वळवता येतं. वजन वाचवायला वरचा भाग प्लायवूडचा. टोक हवेत खाली झुकू नये म्हणून रबरी दोरी, आणि ते फार वर जाऊ नये म्हणून तारेचा लगाम.

खरा प्रश्न तळाचा. लाकूड झिजतं आणि पाणी पितं, म्हणून खाली पितळ किंवा ड्युरॅल्युमिनचा (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) पत्रा मारायचे. पण स्की घसरते कशी? वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो हे शास्त्रज्ञ रेनॉल्ड्सचं १९०१ चं मत बराच काळ चाललं, मात्र कडक थंडीत तेवढा दाब पुरत नाही. बाउडन आणि ह्यूज या संशोधकांनी १९३९ मधे घर्षणाच्या उष्णतेने पाण्याचा पातळ थर होतो असं मांडलं, आणि ते जास्त पटतं, कारण त्यांच्या प्रयोगांत उष्णता वाहून नेणारं पितळ हे एबोनाइटपेक्षा (उष्णता फारशी न वाहणारं कडक रबर) वाईट घसरलं. म्हणजे पत्र्याने टिकाऊपणा मिळायचा आणि घसरण थोडी जायची. लाकूडही उष्णता कमी वाहून नेतं, म्हणून इथे पुढे, फक्त टिकत नाही.

रशियात पोलिकार्पोवचं यू-२ (१९४४ पासून पो-२) हे ट्रेनिंगचं विमान हिवाळ्यात स्कीवर चालायचं, त्याच्याच आय-१६ या लढाऊ विमानाला तर उडताना पंखाखाली दुमडणाऱ्या स्की होत्या. घर्षणाने झालेला वरचा तोच पाण्याचा थर विमान थांबलं की गोठतो आणि स्की जमिनीला चिकटते, म्हणून उभं करताना खाली फळ्या किंवा झाडाच्या फांद्या घालायच्या, नाहीतर निघताना शेपूट धरून विमान हलवत बसायचं.