डिझेल थिजलं की डिझेलात पाणी गेलं?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की नागपूरजवळच्या आमच्या काटोल रोडकडच्या गावात सकाळी सात-साडेसातला कोणाचा ना कोणाचा ट्रॅक्टर बंद पडतोच, मग शेकोटीजवळचे चार जण उठून येतात, एक जण बोनेटवर हात ठेवतो आणि ठरलेलं वाक्य बोलतो, "डिझेल गोठलं बे." मी पण बोललोय हे, त्यात लाजायचं काय. पण मागच्या काही हिवाळ्यांत जेव्हा जेव्हा फिल्टर खोलून बघितला तेव्हा एक वेळ सोडली तर आत थिजलेलं काहीच नव्हतं, पाणी होतं. साधं पाणी. आणि या दोन भानगडींचा इलाज इतका वेगळा आहे की एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर अर्धा दिवस जातो, वरून मिस्त्रीचं बिल.

आधी शब्दाचंच बघा. घरात आपण खोबरेल तेल "थिजलं" म्हणतो, पाणी "गोठलं" म्हणतो, कोणी उलटं बोलत नाही. डिझेल हे खोबरेल तेलाच्या जातीचं आहे. त्यात मुळातच थोडं मेण विरघळलेलं असतं, पॅराफिन वॅक्स म्हणतात ते, आणि जळायला ते चांगलंच असतं म्हणून कंपनी ते सगळं काढून टाकत नाही. थंडी वाढली की हे मेण बारीक कणांनी बाहेर पडायला लागतं, डिझेल आधी गढूळ दिसतं, मग ते कण फिल्टरच्या कागदावर बसतात आणि टाकीत डिझेल भरलेलं असूनही पंपापर्यंत काही पोचत नाही. अजून गारठा पडला तर अख्खं डिझेलच हिवाळ्यातल्या तुपासारखं होतं, पण तिथपर्यंत जायची गरजच नसते, ट्रॅक्टर त्याच्या बराच आधी फिल्टरमध्येच अडकतो.

आता प्रश्न हा की नागपुरात एवढी थंडी पडते का? आपल्याकडचा नीचांक ३.५ डिग्री, २९ डिसेंबर २०१८ चा, ज्यांनी त्या पहाटे गव्हाला पाणी दिलं असेल त्यांना आठवत असेल. भारतातल्या डिझेलचं जे मानक आहे, आयएस १४६०, त्यात फिल्टर चोक व्हायचं तापमान हिवाळ्याच्या मालाला जास्तीत जास्त ६ डिग्री आणि उन्हाळ्याच्या मालाला १८ डिग्री धरलंय. म्हणजे हिवाळी डिझेल निदान सहापर्यंत तरी फिल्टरमधून गेलंच पाहिजे, बहुतेक वेळा त्याच्याही खाली जातं. त्यामुळे डिसेंबरात पंपावरून ताजं भरलेलं डिझेल नागपुरात थिजणं म्हणजे वर्षातल्या एखाद-दोन पहाटेचा खेळ, तोही झाला तर. पण दसऱ्याच्या आसपास भरून ठेवलेला ड्रम असेल तर गोष्ट वेगळी, कारण तो माल उन्हाळी असू शकतो आणि त्याला आपली साधी आठ डिग्रीची सकाळ पण पुरते. माझी ती "एक वेळ" हीच होती. मावसभावाचा ट्रॅक्टर, ऑक्टोबरचा ड्रम, आणि फिल्टरच्या घड्यांमध्ये पिवळट पांढरं काहीतरी, बोटाने चोळलं तर मेणबत्तीसारखं गुळगुळीत, आणि हातातच विरघळून गेलं.

पाण्याचं मात्र थंडीशी नातं आडवळणाचं आहे. नागपुरात पारा शून्याखाली जातच नाही, म्हणजे टाकीतल्या पाण्याचा बर्फ व्हायचा प्रश्नच नाही. होतं काय, संध्याकाळी टाकी अर्धी रिकामी ठेवून आपण ट्रॅक्टर उभा करतो, रात्री पत्रा गार पडतो आणि टाकीतल्या हवेतली वाफ आतल्या बाजूला दवासारखी धरते, थेंब थेंब खाली उतरतात, आणि पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून सरळ तळाला जाऊन बसतं. रोज थेंब-दोन थेंब का होईना, साचत साचत पाईपच्या तोंडापर्यंत येतंच. म्हणून पाणी साचतं हळूहळू आणि दगा देतं नेमकं थंडीत, आणि नाव थंडीचं होतं. जास्त दिवस राहिलं तर पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना लागतात तिथे जंतू वाढतात, काळा शेवाळासारखा चिकट गाळ होतो, तो फिल्टरला एकदा लागला की धुऊन काही उपयोग नाही, बदलायचाच.

सीटवर बसून दोन्ही सारखंच वाटतं, घोळ तिथेच आहे. गाडी चालू होते, कारण पंपात आणि पाईपमध्ये थोडं चांगलं डिझेल असतं, पाच-दहा मिनिटं चालते, रोटावेटर टेकवला की दम तुटतो आणि बंद. पाणी असेल तर त्यात मिसिंग जास्त असतं, धक्के मारत चालते, पांढरा धूर येतो. पण सगळ्यात पक्की खूण घड्याळाची. दहा-साडेदहाला ऊन वर आलं आणि हात न लावता गाडी पहिल्यासारखी झाली, तर मेण होतं. ऊन पडो की न पडो दुपारी बारालाही तेच रडगाणं, तर पाणी समजा. (आणि सेल्फच घर्र... घर्र... करत हळू फिरत असेल तर बिचाऱ्या डिझेलला शिव्या देऊ नका, बॅटरी बघा.)

घड्याळावर भरवसा नसेल तर बाटली घ्या. फिल्टरच्या खालचा ड्रेन बोल्ट सैल करून पाण्याच्या पारदर्शक बाटलीत पाव लिटर काढा आणि कट्ट्यावर ठेवून चहा पिऊन या. पाणी असेल तर तळाला वेगळा थर दिसतो, थोडं असेल तर बाटली तिरपी केल्यावर पाऱ्यासारखे गोळे लोळतात, बघायला खरंतर छान दिसतं. थर नाही, पण सगळं डिझेल एकसारखं गढूळ आहे, तर बाटली गरम पाण्याच्या बादलीत धरा, चुलीपासून लांब मात्र. दोन-चार मिनिटांत थिजलेलं तूप वितळावं तसं स्वच्छ झालं तर मेणच.

मेण असेल तर करायचं फार काही नाही हो, ट्रॅक्टर उन्हात ढकला, फिल्टरभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा, नवा फिल्टर असला तर टाका, डिझेलच्या छोट्या हँड पंपाने पाईपमधली हवा, म्हणजे एअर, काढा आणि चालू करा. टाकीखाली टेंभा धरणारे महाभाग मी पाहिलेत, मिशा जाळून घेतील एक दिवस. डिझेल थिजू नये म्हणून जी औषधं मिळतात ती आधी टाकायची असतात, थिजल्यावर ओतून मेण विरघळत नाही. आणि रॉकेल मिसळायचा सल्ला, जो व्हिडिओत जोरात चालतो, तो उणे वीसच्या देशातला आहे. रॉकेलला डिझेलइतका ओशटपणा नाही, पंप आणि नोझल झिजतात, शिवाय रेशनचं रॉकेल डिझेलात ओतणं हा गुन्हाच. पेट्रोलचं तर नाव काढू नका. लडाखसाठी २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ डिग्रीपर्यंत न थिजणारं खास डिझेल काढलं, गरज तिथे आहे, आपल्या कळमेश्वरात नाही.

पाणी असेल तर ऊन, फडकं, रॉकेल काहीच कामाचं नाही. गाडी रात्रभर उभी राहू द्या म्हणजे पाणी तळाला बसेल, सकाळी चालू करायच्या आधी टाकीचा खालचा बोल्ट उघडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा, मग फिल्टरची वाटी रिकामी करा, मग एअर काढा. या क्रमानेच. आधी सेल्फ मारत बसलात तर तेच पाणी पुढे नोझलपर्यंत जातं आणि गंज धरतो. २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला जे धुराच्या नवीन नियमांचं इंजिन आलंय त्याचे इंजेक्टर तर पाण्याला अजिबात सोसत नाहीत, बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर पाण्याचा दिवाच दिलाय, तो लागला की नांगर तिथेच उचला.

राहिलं ते पंपवाल्याशी भांडण. मी एकदा चांगलाच भांडून आलो होतो, आणि घरी येऊन बघतो तर ड्रम अंगणात उभा, बूच वर, आणि वरच्या कडेच्या आत परतीच्या पावसाचं पाणी साचलेलं. दिवसा ड्रम तापला की आतली हवा बाहेर जाते, रात्री गार झाला की बुचाच्या आट्यांतून तेच पाणी आत ओढून घेतो, बूच कितीही घट्ट वाटलं तरी. तेव्हापासून ड्रम आडवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, वर एक पत्रा, आणि ट्रॅक्टरची टाकी सकाळी नाही, संध्याकाळी घरी आल्यावर भरायची. पंपवाल्याकडे अजून जातो मी, तो फक्त आधीसारखा हसत नाही.