टेप गेली, डिस्क आली : सोलापूरच्या कार्यालयांतील बॅकअपची पार्श्वभूमी

संगणकाला चुंबकीय टेप जोडली गेली ती 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि यंत्रातून काढून कपाटात ठेवता येणारे डिस्कचे संच 1962 मध्येच आले होते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना आणि शहरातील लहान पतसंस्थांना या इतिहासाशी खरा संबंध आला तो 2000 नंतरच्या दहा वर्षांत, बॅकअपच्या निमित्ताने, म्हणजे मूळ माहिती गेली तर कामी यावी म्हणून वेगळी ठेवलेल्या प्रतीच्या निमित्ताने.

त्या काळात सर्व्हरसोबत, म्हणजे कार्यालयाच्या मुख्य संगणकासोबत, बहुधा डीडीएस या लहान कॅसेटसारख्या टेपचा ड्राइव्ह येत असे. डीडीएस-4 कार्ट्रिजमध्ये प्रत्यक्षात 20 जीबी माहिती मावे, पण वेष्टनावर 40 जीबी छापलेले असे, कारण माहिती दाबून निम्मी होईल असे त्यात गृहीत धरलेले होते. हिशेबाच्या फायली तशा दाबल्या जात. स्कॅन केलेली बिले आणि डिझाइनची चित्रे आधीच दाबलेली असल्याने ती मुळीच लहान होत नसत. मग रात्री अकराला ड्राइव्ह कार्ट्रिज बाहेर टाकून दुसऱ्याची वाट पाहत थांबे आणि सकाळी कारकुनाला बॅकअप अर्धवट पडलेला दिसे. सर्व्हरकडून माहिती सावकाश आली की टेप थांबून, मागे जाऊन पुन्हा पुढे सरकते, आणि त्या फेऱ्यांत टेप व ती वाचणारे-लिहिणारे हेड दोन्ही झिजतात. मागांच्या शेडलगतच्या कार्यालयात कापसाचे बारीक तंतू हेडवर बसत, त्यात भारनियमनाची भर. तरीही टेप मागे पडण्याचे मुख्य कारण हे नव्हते. ती वाचायला जुळणारा ड्राइव्ह आणि तेच सॉफ्टवेअर लागे, यूएसबी 2.0 ची डिस्क मात्र शेजारच्या कोणत्याही संगणकाला लावून उघडता येई. 2008 च्या विंडोज सर्व्हरमधील अंगभूत बॅकअप साधनातून टेपचा आधारच काढला गेला, तेव्हा लहान कार्यालयांपुरता प्रश्न मिटला.

घोळ राहिला तो ‘रिमूव्हेबल’ म्हणजे काढून नेता येणारे, या शब्दाचा. दुकानदाराच्या लेखी यूएसबीने जोडलेली प्रत्येक डिस्क रिमूव्हेबल. विंडोजच्या लेखी मात्र उपकरण स्वतःविषयी काय सांगते यावर सारे ठरते : पेन ड्राइव्ह सहसा स्वतःला रिमूव्हेबल म्हणवतो, तर यूएसबीची हार्ड डिस्क स्थिर म्हणून नोंदली जाते. वेळापत्रकानुसार चालणाऱ्या बॅकअपला स्थिर डिस्कच हवी असे. म्हणून अडीच इंची डिस्क मजबूत कवचात बसवलेल्या आरडीएक्स कार्ट्रिजच्या ड्राइव्हमध्ये ‘स्थिर’ आणि ‘रिमूव्हेबल’ अशा दोन पद्धती द्याव्या लागल्या. ज्या वस्तूचा सारा उपयोग ती काढून नेण्यात आहे, तिनेच संगणकाला आपण स्थिर असल्याचे सांगायचे. हा शब्दच्छल वाटेल, पण त्याची किंमत मोठी ठरली. टेप भरली की ड्राइव्ह ती स्वतःहून बाहेर टाकी आणि कोणाला तरी ती उचलावीच लागे; डिस्क तसे काही करत नाही. ती जोडलेलीच राहिली, महिनोन्‌महिने राहिली, आणि ‘आपला बॅकअप रिमूव्हेबल आहे’ हे वाक्य मात्र सगळे निर्धास्तपणे म्हणत राहिले. जोडून ठेवलेल्या डिस्कला बॅकअप म्हणावे का, यावर संगणक दुरुस्त करणाऱ्यांत आजही दोन मते आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते ती केवळ दुसरी प्रत आहे.

मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या. जोडलेली डिस्कही अशा हल्ल्याच्या टप्प्यात येते, हे तेव्हा अनेकांच्या ध्यानात आले. मोठ्या माहिती केंद्रांनी टेप सोडलेली नाही. 2021 च्या एलटीओ-9 या प्रकारच्या टेप कार्ट्रिजमध्ये न दाबता 18 टीबी, म्हणजे सुमारे 18 हजार जीबी, मावतात. पण पाच-सहा संगणकांच्या कार्यालयाला तो ड्राइव्ह परवडत नाही.

त्यामुळे जी कार्यालये काळजी घेतात, तिथे टेपच्या काळातील वारांची पाळी, म्हणजे ठरलेल्या वारी ठरलेलीच प्रत लावण्याची पद्धत, डिस्कवर परत आली आहे. होटगी रोडवरील एका कार्यालयात ‘सोमवार’, ‘बुधवार’, ‘शनिवार’ अशा कागदी चिकटपट्ट्या लावलेल्या तीन डिस्क पाहिल्या. त्यांतली शनिवारची डिस्क मालक संध्याकाळी टॉवेलमध्ये गुंडाळून, जेवणाच्या डब्याशेजारी पिशवीत ठेवून घरी नेतात आणि सोमवारी सकाळी परत आणतात.