बांध फोडण्याआधीची कामं

सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवती नऊ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत. तिथे ज्याच्या नावावर घर किंवा जमीन आहे, त्याच्या मालमत्ता कराच्या बिलात 12 डॉलरची एक ओळ असते. सॅन होजे, फ्रीमाँट, सनीव्हेल भागात घर घेतलेली मराठी कुटुंबंही ते भरतात. जून 2016 मध्ये ‘मेझर एए’ नावाने हा कर मतदानाला आला. मंजुरीला दोन तृतीयांश मतं लागत होती. नऊ काउंट्यांत मिळून सुमारे 70 टक्के पडली. यातून वर्षाला साधारण अडीच कोटी डॉलर जमतात, तेही वीस वर्षं, आणि ते उपसागराकाठची भरतीची दलदल पुन्हा उभी करायला वापरले जातात. लहानशा घराला आणि मोठ्या कंपनीच्या आवाराला दर एकच, हा या कराचा दोष आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण हा पैसा दरवर्षी ठरलेला येतो, आणि दलदलीच्या कामाला नेमकं तेच हवं असतं. एकदाच मिळालेल्या मोठ्या निधीतून जमीन विकत घेता येते. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं मोजमाप, गाळ आणि दुरुस्तीचा खर्च कोण करणार, हा प्रश्न तरीही उरतो.

1800 च्या सुमारास या उपसागराला सुमारे 77,000 हेक्टर भरतीची दलदल होती. शेती, मिठागरं, बंदरं आणि वस्त्यांसाठी बांध घालत घालत विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यातली 16,000 हेक्टरच्या आसपास उरली. 1999 मध्ये शास्त्रज्ञांनी 40,000 हेक्टरचं लक्ष्य मांडलं. 2003 मध्ये मीठ बनवणाऱ्या कारगिल कंपनीकडून सुमारे 6,700 हेक्टर मिठागरं 10 कोटी डॉलरला घेतली गेली. हा पैसा राज्य सरकार, केंद्र सरकार आणि खासगी प्रतिष्ठानांनी मिळून दिला. जमीन हातात आली. आता बांध फोडायचे आणि पाणी आत घ्यायचं, एवढंच काम उरलं असं कुणालाही वाटेल.

अडचण उंचीची आहे. दलदलीतली प्रत्येक वनस्पती ठरावीक पातळीवरच जगते. स्पार्टिना गवत सरासरी समुद्रपातळीच्या थोडं वर रुजतं. मांसल, खारट पिकलवीड सरासरी मोठ्या भरतीच्या पातळीजवळ. स्पार्टिनाच्याही खाली नुसता उघडा चिखल राहतो. बांध घातल्यावर आत गाळ येणं थांबलं, म्हणजे तळ वर चढणंही थांबलं. त्यात सांता क्लारा खोऱ्यात भूजलाचा इतका उपसा झाला, की 1910 ते 1970 या काळात सॅन होजेची जमीन सुमारे चार मीटर खचली. त्यामुळे अल्विसो या सॅन होजेच्या उपसागराकाठच्या भागाजवळच्या काही मिठागरांचा तळ आज मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा दोन मीटरहून जास्त खाली आहे. तिथे बांध फोडला तर खोल तलाव होईल, आणि पाणी थेट मागच्या वस्तीच्या जुन्या बांधाला भिडेल.

म्हणून क्रम उलटा असतो. आधी वस्तीकडचा मागचा बांध मजबूत करायचा. मग कालव्यांची झडपं उघडून आतलं तीव्र मिठवणी उपसागराच्या पाण्याने हळूहळू पातळ करायचं, कारण ते एकदम बाहेर पडलं तर खाडीतले मासे मरतात. त्यानंतर जुने नकाशे. 1850 च्या दशकात अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षणाने इथली प्रत्येक लहान खाडी रेखाटून ठेवली आहे. बांधाला खांड पाडायची ती त्या खाड्यांच्या मुखाशी. जुन्या खाडीची वळणं तळात बहुतेक वेळा अजून शिल्लक असतात. पाणी त्यांत शिरलं, की गाळ आतपर्यंत पोहोचतो.

इथे एक बारकावा आहे, आणि तो चुकला तर सगळं चुकतं. बांध बांधताना माती आतल्या बाजूनेच खणली होती, त्यामुळे बांधाच्या कडेने एक खोल चर असतो. खांड पाडताच पाणी या सोप्या वाटेने कडेकडेने धावतं, मधला भाग कोरडा राहतो आणि चर रुंदावून बांधाचा पाया पोखरतो. म्हणून खांडीच्या दोन्ही अंगांना त्या चरात मातीचे अडसर घालतात. ही सगळी कामं साधारण सप्टेंबर ते जानेवारीतच होतात, कारण फेब्रुवारी ते ऑगस्ट हा रिजवेज रेल या दुर्मीळ पाणकोंबडीच्या जातीतल्या पक्ष्याचा विणीचा हंगाम. शेवटची खांड ओहोटीला एक्स्कॅव्हेटरने पाडतात आणि पुढचं काम भरतीवर सोपवतात.

जिथे चुकलं, तिथून जास्त शिकायला मिळालं. उपसागराच्या उत्तरेकडच्या सोनोमा बेलँड्स प्रकल्पात 1996 साली बंदरातला उपसलेला गाळ भरून तळ उंचावला, पण बाहेरच्या दलदलीतून येणारी खाडी अरुंद होती. ती प्रवाहाने आपोआप रुंदावेल असा हिशेब होता. तसं झालं, पण अनेक वर्षांनी. तोवर आत पुरेशी भरतीच येत नव्हती आणि झाडोरा रेंगाळला. त्याच भागातल्या सीअर्स पॉइंटला 2015 मध्ये उलटा प्रश्न आला. तळं इतकं विस्तीर्ण, की वाऱ्याच्या लाटा खाली बसलेला गाळ पुन्हा उठवतात. लाटा मोडायला मातीचे सुमारे 500 उंचवटे केले होते. त्यांतले कित्येक लाटांनीच झिजवले.

अल्विसोला पाऱ्याची भीती आहे. वरच्या डोंगरात न्यू आल्माडेनची पाऱ्याची मोठी खाण होती आणि तिचा गाळ ग्वादालुपे नदीने खाली आणला. हा पारा चिखलात गाडलेला असतो. प्राणवायू नसलेल्या चिखलातले जिवाणू त्याचं मिथाइल पारा या जास्त विषारी रूपात रूपांतर करतात, आणि तो माशांतून पक्ष्यांच्या अंड्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून ए-8 या तळ्याला खांड पाडली नाही. तिथे 2011 पासून बंद-उघड करता येणारी दारं बसवली आहेत, आपल्या खार बांधाच्या उघाडीसारखी, पण सगळी एकदम नव्हे, काही काही करून टप्प्याटप्प्याने उघडायची. प्रत्येक टप्प्यानंतर लहान मासे आणि टर्न पक्ष्यांची अंडी तपासून पुढचा निर्णय घेतला गेला. अशा तपासणीला उद्घाटनाची फीत नसते, त्यामुळे तिला पैसा मिळवणं सर्वांत कठीण.

स्थानिक संस्थांचा खरा उपयोग इथेच दिसतो. ‘मेझर एए’चा पैसा वाटणाऱ्या प्राधिकरणावर त्याच भागातले निवडून आलेले लोकप्रतिनिधी असतात. निम्मा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात चार विभागांना द्यावा लागतो आणि कारभारावर पाच टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही. केंद्राच्या लष्करी अभियंता विभागाच्या अशा प्रकल्पात साधारण 35 टक्के वाटा स्थानिक बाजूने यावा लागतो. तो नसेल तर केंद्राचा 65 टक्केही अडकतो. परवानग्यांचंही तसंच. एका खांडीसाठी अर्धा डझन खात्यांचे कागद लागतात आणि प्रत्येक खातं आपापल्या वेळेने वाचतं. 2019 पासून या खात्यांचे ठरावीक अधिकारी एकाच गटात बसून फक्त अशाच प्रकल्पांचे अर्ज पाहतात, आणि त्यांच्या पगारात या कराचा वाटा आहे. मला तरी हा खर्च कुठल्याही रोपलावणीपेक्षा जास्त परिणामकारक वाटतो.

सान लोरेन्झोजवळच्या ओरो लोमा सांडपाणी संस्थेने वस्तीकडच्या बांधासाठी आणखी एक वाट दाखवली. नेहमीचा बांध उभ्या उताराचा असतो. त्यांनी 1:30 उताराचा प्रायोगिक बांध केला, म्हणजे एक मीटर चढायला 30 मीटर चालावं लागेल, आणि त्याच्या पोटातून शुद्धीकरण केंद्राचं पाणी झिरपवलं. जमिनीखालून गेलेल्या पाण्यातला नायट्रेट, म्हणजे सांडपाण्यातला नत्राचा क्षार, जवळजवळ पूर्ण निघून गेला. वरून वाहून गेलेल्या पाण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणून पाणी किती सोडायचं, याला काटेकोर मर्यादा आहे.

मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठी तिवराची रोपं लावण्याचे कार्यक्रम होतात. पण रस्त्याखालची मोरी भरावाने बुजलेली असेल, तर आतली जुनी झाडंसुद्धा वाळतात. मोरीच्या तळाची पातळी मोजून भरती-ओहोटी पूर्ववत झाली, तर जवळच्या तिवरांची फळं पाण्याबरोबर येऊन योग्य उंचीवर स्वतःच रुजतात. मोरी साफ करणं हे महानगरपालिकेच्या रस्ते किंवा पर्जन्यजल खात्याचं काम. त्यासाठी वेगळं खातं काढायची गरज नाही.

सॅन फ्रान्सिस्कोपुढचा यानंतरचा प्रश्न गाळाचा आहे. सोन्याच्या खाणकामाने एकोणिसाव्या शतकात नद्यांतून सोडलेला गाळ वाहून संपत आला, वरच्या धरणांनी बराच अडवला, आणि 1999 नंतर उपसागराच्या पाण्यातला तरंगता गाळ एकाएकी सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. समुद्र मात्र चढतो आहे. बंदरांतून दरवर्षी उपसला जाणारा गाळ खोल समुद्रात टाकणं बहुधा स्वस्त पडतं. तो दलदलीत आणायचा, तर फरकाची रक्कम कुणीतरी द्यावी लागते. हॅमिल्टनच्या जुन्या हवाई तळावर सुमारे 45 लाख घनमीटर गाळ भरून 2014 मध्ये बांध फोडला, तो असाच. 2023 च्या अखेरीस त्याहून स्वस्त पद्धत तपासली गेली: गाळ दलदलीसमोरच्या उथळ पाण्यात टाकायचा आणि भरतीने तो आत नेतो का, ते मोजायचं. ती उपयोगी पडली, तर प्रत्येक डॉलरमागे जास्त गाळ मिळेल, आणि 2037 मध्ये हा कर संपण्याआधी जास्त खोल तळी हाती घेता येतील.