देखभाल-आदेशाखालील मुले आणि विशेष शिक्षणाचे निर्णय (इंग्लंड)

घरात गंभीर इजा झालेल्या किंवा तसा धोका असलेल्या मुलाला न्यायालय 'देखभाल-आदेश' देऊन स्थानिक काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, हवाली करते. अशा मुलाला विशेष शिक्षणाची गरज असेल, तर त्याची शाळा, थेरपी आणि वर्गातला मदतनीस कोण ठरवतो, यासंबंधीची ही इंग्लंडमधील व्यवस्था आहे. हे काम कौटुंबिक न्यायालयाचेच असेल असा समज सहज होतो, पण तसे नाही.

कौटुंबिक न्यायालय चिल्ड्रन ॲक्ट 1989 च्या कलम 31 खाली देखभाल-आदेश देते. 2014 पासून अशा खटल्याला साधारण 26 आठवड्यांची मुदत आहे. आदेशानंतर काउन्सिलला पालकत्वाचे अधिकार मिळतात. आईवडिलांचे अधिकारही शाबूत राहतात, मात्र ते कितपत वापरू द्यायचे हे काउन्सिल ठरवू शकते. आईवडिलांनी कलम 20 खाली स्वखुशीने मूल सोपवले असेल, तर काउन्सिलला हे अधिकार मिळतच नाहीत. शाळेच्या कागदावर कोणाची सही चालेल, हे बरेचसे या फरकावर ठरते. घटस्फोटित आईवडील शाळेचा वाद कौटुंबिक न्यायालयात नेऊ शकतात. देखभाल-आदेशाखालील मुलासाठी त्याच कायद्याच्या कलम 9 ने ती वाट बंद केली आहे.

शिक्षणाचा निर्णय चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्ट 2014 नुसार होतो. तपासणीची मागणी आल्यापासून 20 आठवड्यांत काउन्सिलने 'ईएचसी प्लॅन', म्हणजे शिक्षण, आरोग्य आणि देखभालीचा एकत्रित आराखडा, पूर्ण करायचा असतो. तो वयाच्या 25 वर्षांपर्यंत चालू शकतो. त्यातला 'एफ' हा भाग सर्वांत मोलाचा, कारण तिथे लिहिलेली शैक्षणिक मदत देणे काउन्सिलवर बंधनकारक असते. 'गरजेनुसार स्पीच थेरपी' असे लिहिले, तर मुलाच्या पदरात काही पडेलच असे नाही. 'दर आठवड्याला 45 मिनिटे, थेरपिस्टकडून, एकट्याला' असे लिहिले, तर ती 45 मिनिटे हक्काने मागता येतात. आराखडा पटला नाही तर विशेष शैक्षणिक गरजा व अपंगत्व न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. शिक्षणाबाबत त्याचा हुकूम बंधनकारक असतो. आरोग्य आणि सामाजिक देखभालीबाबत मात्र ते 2018 पासून केवळ शिफारस करू शकते.

खरी अडचण अपील करणार कोण, ही आहे. पुष्कळदा मुलाचे पालक असलेली काउन्सिल आणि आराखडा लिहून खर्च उचलणारी काउन्सिल एकच असते. ती स्वतःविरुद्ध अपील करणार नाही. एरवी अशा मुलाची आई फाइल काखेत मारून कचेऱ्यांचे उंबरे झिजवते. या मुलाच्या वाट्याला तेवढे हट्टी माणूस येईलच असे नाही. एज्युकेशन ॲक्ट 1996 ने 'पालक' शब्दाची व्याख्या रुंद ठेवली, हे म्हणूनच फार महत्त्वाचे आहे. मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ करणाराही तीत बसतो, त्यामुळे मूल सांभाळणारे प्रतिपालकही अपील करू शकतात. पण ज्या काउन्सिलने मूल त्यांच्या घरी ठेवले तिच्याच विरोधात उभे राहायला धैर्य लागते. अपिलाची मुदतही सामान्यतः दोनच महिन्यांची. त्या दोन महिन्यांत मुलाचे घर बदलले, तर मुदत कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

प्रत्येक काउन्सिलला एक 'व्हर्च्युअल स्कूल हेड' नेमावाच लागतो. नावावरून ऑनलाइन शाळा वाटते, पण हा अधिकारी वेगवेगळ्या शाळांत विखुरलेल्या काउन्सिलच्या मुलांकडे, ती जणू एकाच शाळेत आहेत असे समजून, लक्ष ठेवतो. मुलाच्या व्यक्तिगत शिक्षण-योजनेचा आढावा दर सत्रात घेतला जातो.

महाराष्ट्रात असे मूल कौटुंबिक न्यायालयापुढे नव्हे, तर बाल न्याय अधिनियम 2015 खालच्या बालकल्याण समितीपुढे येते.

इंग्लंडमधले कौटुंबिक न्यायालय आणि न्यायाधिकरण या दोन न्यायपीठांमध्ये कागदांचीही भिंत आहे. देखभालीच्या खटल्यात मानसशास्त्रज्ञाने मुलाची बारकाईने तपासणी करून दिलेला अहवाल गोपनीय असतो, आणि न्यायाधिकरणापुढे मांडायचा तर सहसा कौटुंबिक न्यायालयाची परवानगी काढावी लागते. खटला चालू असतानाच ती मागून ठेवली, तर मुलाला त्याच चाचण्यांना पुन्हा बसावे लागत नाही.