सुट्टीत दम किती उरतो?

आठ-दहा दिवसांच्या सहलीहून परतल्यावर पहिल्याच धावण्यात धाप लागली, की आपण निकाल लावून मोकळे होतो: महिनोन्महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. प्रत्यक्षात इतक्या थोड्या दिवसांत शरीरातून जातं ते बरंचसं पाणीच.

धावणं, पोहणं, सायकल असे दमसासाचे व्यायाम नियमित करणाऱ्यांच्या रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढलेला असतो. प्लाझ्मामध्ये सुमारे ९० टक्के पाणी असतं. व्यायाम थांबला की हा जादा साठा शरीर काही दिवसांतच कमी करू लागतं. मग हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्तही कमी होतं आणि ती तूट भरून काढायला ठोके वाढतात. धाप लागते ती त्यामुळे. व्यायाम पुन्हा सुरू झाला की प्लाझ्माही लवकर भरून येतो.

एडवर्ड कॉइल हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुरलेल्या सात खेळाडूंचा सराव पूर्ण बंद केला होता. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्या क्षमतेला व्हीओटू मॅक्स म्हणतात. ती २१ दिवसांत ७ टक्क्यांनी आणि ८४ दिवसांत १६ टक्क्यांनी घटली. स्नायूंमधल्या केशवाहिन्यांची, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांची, दाटी मात्र ८४ दिवसांनंतरही कमी झाली नव्हती. हे सगळं काहीच न करण्याचं मोजमाप आहे, हे ध्यानात ठेवलं की आठवडाभराच्या सुट्टीचा धसका घ्यायचं कारण उरत नाही.

थोडंसं केलं तर? या प्रश्नाचं सर्वांत सुरेख उत्तर संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८०च्या दशकातल्या प्रयोगांत सापडतं. त्यांनी तरुणांकडून १० आठवडे, आठवड्याचे ६ दिवस, रोज ४० मिनिटं कसून व्यायाम करून घेतला. पुढचे १५ आठवडे एकेका प्रयोगात एकच गोष्ट कमी केली. दिवस ६ वरून २ केले, तरी व्हीओटू मॅक्स टिकली. दिवस तेच ठेवून वेळ १३ मिनिटांवर आणला, तरीही टिकली. फक्त खूप वेळ दम धरण्याची ताकद थोडी उतरली. पण दिवस आणि वेळ तसेच ठेवून व्यायामाचा जोर एक तृतीयांशाने घटवला, तेव्हा मात्र क्षमता घसरली. म्हणजे सुट्टीत वेळेला कात्री लावली तरी चालते, जोराला लावू नये.

कुटुंबाच्या सहलीत हे फार उपयोगी पडतं. सगळे आवरून बसलेत आणि एकट्याचं धावणं काही संपत नाही, असा माणूस घरात कुणालाच आवडत नाही. तास काढायची गरजच नाही. बाकीचे उठायच्या आत जवळचा चढ किंवा जिना गाठायचा आणि दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येणार नाही इतक्या वेगाने, मध्ये मध्ये दम घेत, दहा-पंधरा मिनिटं चढउतार करायचा. अर्थात असल्या जोराची आधीपासून सवय असेल तरच. सुट्टी ही त्याचा श्रीगणेशा करायची वेळ नव्हे.

लहान मुलं सोबत असतील तर तेवढंही शोधत फिरावं लागत नाही. सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या दिवसभराच्या हालचाली १९९५च्या एका अभ्यासात बारकाईने टिपल्या होत्या. त्यांची जोरदार हालचाल एका वेळी बहुधा तीनच सेकंद टिकत होती. मग विसावा, मग पुन्हा झेप. प्रशिक्षक ज्याला ‘इंटरव्हल’ म्हणतात तेच हे. मुलांशी मनापासून पकडापकडी खेळणाऱ्याने त्या दिवशी वेगळा व्यायाम नाही केला तरी माझी हरकत नाही.

ताकदीचं गणित तर आणखी सोपं आहे. १६ आठवडे वजनांचा व्यायाम केलेल्या तरुणांनी पुढे ३२ आठवडे त्याचा जेमतेम नववा हिस्सा केला, तरी ताकद टिकल्याचं २०११ साली दिसून आलं. खोलीतल्या खोलीत एक-दोन दिवस जोर-बैठका काढल्या तरी पुष्कळ.

जागेचाही फायदा घ्यावा. मऊ वाळूत चालायला, तेवढ्याच वेगाने कठीण जमिनीवर चालण्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, कारण प्रत्येक पावलाला पाय रुततो आणि लावलेला जोर वाळू सरकवण्यात खर्च होतो. उंचावर मात्र हवा विरळ असते. समुद्रसपाटीपासून साधारण १५०० मीटरच्या वर क्षमता जाणवण्याइतकी उतरते, म्हणून तिथे नेहमीचा वेग गाठायचा हट्ट धरू नये.

सहलीत खरी काळजी घ्यायची ती मात्र व्यायाम करणाऱ्या तरुणांची नाही, आजी-आजोबांची. घरी त्यांची बाजारात, बागेत, वरखाली करण्यात दिवसभर पावलं पडतात. सहलीत सगळे प्रेमाने म्हणतात, ‘तुम्ही बसा, आम्ही आणतो.’ त्यात गाडीतले तास वेगळेच. सलग चार तासांहून लांबच्या बैठ्या प्रवासात शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. एरवी तो फार कमी असतो, पण वयाबरोबर वाढतो. कॅनडातल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांनी दोन आठवडे पावलं सुमारे तीन चतुर्थांशाने कमी केली, तेव्हा त्यांच्या पायांचं चरबी वगळून उरणारं वस्तुमान जवळपास ४ टक्क्यांनी घटलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या, वजन जास्त असलेल्या ज्येष्ठांवर २०१८ साली असाच प्रयोग झाला. त्यांची बिघडलेली रक्तशर्करा पुढचे दोन आठवडे नेहमीसारखं चालूनही पूर्ववत झाली नाही.

म्हणून दर तासा-दीड तासाला गाडी थांबवून त्यांच्याबरोबर चार पावलं टाकावीत, आणि झेपत असेल तर पाण्याची बाटली त्यांची त्यांना आणू द्यावी.