वायपरच्या टाकीत बोअरचं पाणी का घालू नये

गेल्या महिन्यात रात्री जुन्या हायवेने खंडाळ्याचा घाट उतरत होतो, पुढच्या ट्रकने चिखलाचा बारीक फवारा उडवला, मी वायपरचं पाणी मारलं तर एका नोझलमधून काहीच येईना आणि दुसऱ्याची धार काच सोडून थेट टपावरून मागे. वायपरने चिखल नुसता सारवला, त्यावर समोरच्या गाड्यांचे दिवे असे पसरले की दोन-तीन सेकंद रस्ताच दिसला नाही. घरी येऊन बघितलं तर नोझलच्या तोंडाशी पांढरा खडा! तीन वर्षं मी टाकीत सोसायटीच्या बोअरचं पाणी भरत होतो.

हा खडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, गीझरच्या कॉइलवर बसतो तोच. तो तिथे येतो कसा हे मला फार सुंदर वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड उचलतं, त्यामुळे किंचित आम्ल होतं, आणि मग आपला दख्खनचा काळा बेसाल्ट आणि मातीतली चुनखडी हळूहळू झिजवत कॅल्शियम सोबत घेतं. पाण्यात तो बायकार्बोनेट म्हणून असतो, पूर्ण विरघळलेला, डोळ्यांना पाणी एकदम स्वच्छ. पण हे विरघळणं टिकतं ते पाण्यात कार्बन डायऑक्साइड आहे तोवरच. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, इथे बरोबर उलटं, पाणी तापलं की वायू उडून जातो, बायकार्बोनेट मोडतं आणि कार्बोनेट बाहेर पडतं. आता गाडी बंद केल्यावर बॉनेट तापलेलंच असतं, नोझलच्या तोंडाशी शेवटचा थेंब अडकलेला असतो, तो आटतो, पाणी गेलं, वायू गेला, उरला खडू. भोक जेमतेम मिलिमीटरभर, त्यात रोज एक पापुद्रा!

शाळेत 'दुष्फेन पाणी' शिकलो ते हेच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात) लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतो. 600 वालं पाणी 3 लिटरच्या टाकीत भरलं तर हिशोबाने जवळपास 1.8 ग्रॅम खडू आपणच ओततोय. आणि आरओचं वाया जाणारं पाणी वापरा असा सल्ला फिरतो तो तर सगळ्यात वाईट, कारण गाळलेले सगळे क्षार त्याच पाण्यात जमा झालेले असतात.

नुसतं शुद्ध पाणीही पुरत नाही, कारण काचेवर डिझेलच्या धुराचा तेलकट थर असतो. पाण्याचा पृष्ठताण सुमारे 72 मिलिन्यूटन प्रति मीटर, त्यामुळे तेलावर ते थेंब धरून बसतं, पसरत नाही. सर्फॅक्टंट (साबणासारखा, पृष्ठताण कमी करणारा पदार्थ) घातला की हा ताण 30 च्या आसपास येतो, स्पर्शकोन (थेंबाची कड काचेशी करते तो कोन) कमी होतो, पाणी पसरतं, आणि सर्फॅक्टंटच्या रेणूंच्या तेलकट शेपट्या आत वळून मायसेल म्हणजे बारीक गोळे बनतात, त्यात तेल उचललं जातं. मग अंगाचा साबण का नको? कॅल्शियम भेटला की त्याचा चिकट साका होतो. शाम्पूच्या पाऊचने साका होत नाही पण फेस फार होतो आणि त्यातलं कंडिशनर काचेवरच राहतं. भांड्यांच्या लिक्विडमध्ये घट्टपणासाठी बऱ्याचदा मीठ असतं, तेही वाळल्यावर उरतंच.

तेव्हा डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत टॉप-अपला घालतात ते, ॲसिड नव्हे!) किंवा आरओचं चांगलं पाणी, आणि त्यात वॉशर लिक्विड पाकिटावर लिहिलंय तेवढंच. कूलंट अजिबात नको, विषारी आणि काचेवर तेलकट. थंडीत मनाली-लेहकडे निघालात तर न गोठणारं लिक्विड घ्या, पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि टाकी किंवा पंप फुटतो. नुसतं पाणी महिनोन् महिने साठवण्यात आणखी एक धोका आहे, इंग्लंड-वेल्समधल्या 2010 च्या अभ्यासात वॉशर लिक्विड न घालणाऱ्यांमध्ये लिजिओनेला जिवाणूच्या न्यूमोनियाचा धोका जास्त दिसला.

काचेवर अंडं फेकलं आणि पाणी मारलं तर 92.5 टक्के दिसणं बंद होतं असा मेसेज वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय, त्या आकड्याला काही आधार नाही. आणि बंपरला बांधलेल्या लिंबाने अपघात टळत नाही, पण त्यातलं सायट्रिक ॲसिड कॅल्शियम कार्बोनेट खरंच विरघळवतं. मी व्हिनेगरचा बोळा नोझलवर अर्धा तास ठेवला, रंगाला लागू न देता, मग बारीक सुईने भोक मोकळं केलं आणि साध्या पाण्याने धुतलं. आता दोन्ही धारा काचेच्या मधोमध पडतायत.