मोबाईलवर पिवळाधमक, छापल्यावर वेगळाच! असं का होतं?

(आमच्या प्रेसमध्ये छपाईसाठी येणाऱ्या सगळ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार मंडळी,

आपला प्रेस सांगलीत, आणि सांगली म्हटलं की हळद आलीच, त्यामुळे आमच्याकडे वर्षभर हळदीच्या पाकिटांची लेबलं, बेदाण्याचे बॉक्स, मधेमधे लग्नपत्रिका आणि हँडबिलं असं काम चालू असतं. आणि दर आठवड्याला काउंटरवर एक प्रश्न ठरलेला, "मोबाईलवर तर एकदम भारी दिसत होतं, छापल्यावर कलर का उतरला हो?" प्रश्न अगदी बरोबर आहे. पण मागे मशीन चालू, पुढे चार माणसं उभी, अशात याचं उत्तर नीट देता येत नाही म्हणून हे पत्रक काढलंय. घरी नेऊन निवांत वाचा.

आधी आमच्याच हातून झालेली एक चूक सांगतो. प्रेस सुरू केला त्या पहिल्या वर्षी हळदीच्या ५००० लेबलांची ऑर्डर होती, डिझाइन व्हॉट्सअपवर पाठवलं, पार्टीने मोबाईलवरच बघून ओके दिलं आणि आम्ही छापून टाकलं. माल घ्यायला आले, लेबल हातात घेतलं, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "ही तर गेल्या सालची हळद वाटतेय." आणि खरंच तसंच दिसत होतं, पिवळ्यात कुठेतरी हिरवट मळकट झाक. सगळी लेबलं परत छापून दिली. नंतर फाइल उघडून बघितली तर पिवळ्यात ८ टक्के सायन (आकाशी-निळसर शाई) शिरलेला, स्क्रीनवरचा रंग छपाईच्या रंगात बदलताना सॉफ्टवेअरने आपोआप घातलेला आणि आम्ही न तपासलेला. तेव्हापासून पिवळा म्हटलं की आम्ही पहिल्यांदा सायनचा आकडा बघतो.

स्क्रीनचा रंग म्हणजे उजेड

एक करून बघा. मोबाईलवर पांढरं पान उघडा, स्क्रीनवर पाण्याचा एक बारीक थेंब टाका आणि त्या थेंबातून बघा. लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतील. स्क्रीनवर पांढरं असं काही नसतंच, तिन्ही दिवे एकदम लागले की डोळ्याला पांढरं दिसतं. लाल आणि हिरवा लागला आणि निळा बंद राहिला तर पिवळं दिसतं. म्हणजे मोबाईलवरची तुमची पिवळीधमक हळद प्रत्यक्षात लाल आणि हिरव्या दिव्यांची बनलेली असते, बऱ्याच जणांना हे पटत नाही पण थेंबातून पिवळा भाग बघितला की पटतं. याला आरजीबी (रेड, ग्रीन, ब्लू) म्हणतात, इथे उजेडात उजेड मिसळत जातो आणि रंग वाढतो तसा उजेडही वाढतो.

कागदाला दिवा नसतो. कागदावर पडतो तो खोलीतला नाहीतर उन्हाचा उजेड, आणि शाई त्यातला काही भाग खाऊन टाकते, उरलेला परत आपल्या डोळ्यात येतो. छपाईचं सगळं गणित या खाण्यावरच आहे. सायन म्हणजे आकाशी-निळसर शाई, ती लाल उजेड खाते. मजेंटा म्हणजे आपला राणी कलर, तो हिरवा खातो. पिवळी शाई निळा खाते. आता पिवळ्यावर मजेंटा छापला तर निळाही गेला आणि हिरवाही गेला, उरला फक्त लाल, म्हणून कुंकवासारखा लाल हवा असला की आम्ही मजेंटा १०० आणि पिवळा १०० मारतो, लाल शाईचा डबा उघडतच नाही. सायनवर पिवळा मारला की हिरवा. सायन आणि मजेंटा मिळून निळा.

शाळेत आपल्या सगळ्यांना लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग शिकवले, त्यामुळे इथे बरेच जण अडकतात. त्यालाही जुना इतिहास आहे. साधारण ३०० वर्षांपूर्वी ले ब्लोन नावाच्या माणसाने लाल, पिवळी आणि निळी अशा तीन प्लेटा (ज्यावरून शाई कागदावर उतरते ते पत्रे) एकावर एक छापून रंगीत चित्रं काढायची पद्धत बसवली, १७१९ मध्ये इंग्लंडच्या राजाकडून तिचं पेटंटही घेतलं, आणि कधीकधी त्याला काळी चौथी प्लेट घ्यावी लागायची. कल्पना शंभर नंबरी होती. पण शाई जर आधीच लाल असेल तर ती हिरवा आणि निळा दोन्ही खाऊन बसलेली असते, मग तिच्यापासून चांगला जांभळा किंवा गुलाबी कुठून निघणार? म्हणून पुढे लालच्या जागी मजेंटा आणि निळ्याच्या जागी सायन आला. पैठणीचा तो झगझगीत राणी रंग पत्रिकेवर छान उतरतो त्याचं कारण हेच आहे, तो जवळजवळ डब्यातला सरळ मजेंटाच असतो, कशात मिसळावाच लागत नाही.

मग काळी शाई कशाला?

हिशोबाने सायन, मजेंटा, पिवळा तिन्ही एकावर एक मारले की सगळा उजेड खाल्ला जाऊन काळं व्हायला पाहिजे. प्रत्यक्षात शाया तेवढ्या शुद्ध नसतात, मजेंटा हिरव्याबरोबर थोडा निळाही खातो, सायन पण इकडेतिकडे तोंड घालतो, त्यामुळे काळ्याच्या ऐवजी चॉकलेटी चिखल तयार होतो. शिवाय तीन शायांचा थर लवकर वाळत नाही आणि एका शाईच्या जागी तीन शायांचा खर्च. म्हणून काळी वेगळी. या चार शायांना इंग्रजी अक्षरांवरून सीएमवायके म्हणतात, त्यातला शेवटचा के म्हणजे 'की' (key), बाकीचे रंग ज्या प्लेटला धरून जुळवायचे ती मुख्य प्लेट.

इथे तुमच्या कामाची एक गोष्ट. लेबलवरचा बारीक मजकूर, म्हणजे घटक पदार्थ, वजन, पॅकिंगची तारीख, हा फक्त काळ्या १०० टक्क्यात पाहिजे. वर्डमधून किंवा फोटोवाल्या सॉफ्टवेअरमधून आलेला काळा बऱ्याचदा चारही रंगांचा बनलेला असतो, आणि चार प्लेटा केसाइतक्या जरी इकडेतिकडे सरकल्या तरी प्रत्येक अक्षराला लाल-निळी सावली पडते आणि वाचणाऱ्याला वाटतं चष्म्याचा नंबर वाढला. उलट मोठी काळी पट्टी असेल तर नुसता काळा फिकट राखाडीसारखा दिसतो, तिथे आम्ही खाली थोडा सायन-मजेंटा देतो म्हणजे काळा भरदार होतो. पण चारही रंग १००-१०० देऊन ४०० टक्के करायचे नाहीत, चकचकीत आर्ट पेपरवर आम्ही ३०० च्या आसपास थांबतो, नाहीतर शाई वाळत नाही आणि वरच्या शीटच्या पाठीला लागते.

चार शायांतून हजारो रंग कसे?

मशीनला फिकट शाई मारता येत नाही. शाई लागते किंवा लागत नाही, एवढंच. मग फिकट गुलाबी कसा होतो? मजेंटाचे बारीक बारीक ठिपके, मधे कोरा कागद, लांबून डोळा दोन्ही एकत्र करतो. ठिपका मोठा तर रंग गडद, ठिपका लहान तर फिकट. घरी पेपर येत असेल तर रविवारच्या पुरवणीतला एखादा चेहरा भिंगाखाली धरा, चार रंगांचे ठिपके स्वच्छ दिसतील. आमच्याकडे आर्ट पेपरवर एका इंचात ठिपक्यांच्या १५० किंवा १७५ ओळी असतात, वर्तमानपत्रात साधारण १०० किंवा त्याहून कमी, म्हणून तिथे ते पटकन दिसतात.

हे ठिपके सरळ एकमेकांवर ठेवले तर जाळीसारखं विचित्र नक्षीकाम तयार होतं, म्हणून प्रत्येक रंगाचा कोन वेगळा ठेवतात. काळा ४५ अंशात, कारण त्या कोनात ओळी डोळ्याला सगळ्यात कमी जाणवतात, सायन आणि मजेंटा १५ आणि ७५, आणि पिवळा शून्यावर, तो फिकट असल्याने खपून जातो. पुण्यस्मरणाच्या कार्डासाठी कुणी आजोबांचा पेपरात आलेला जुना फोटो कापून आणतात, दुसरा फोटोच नसतो बिचाऱ्यांकडे, तेव्हा हीच अडचण येते, कारण छापलेल्या ठिपक्यांवर आमचे नवे ठिपके बसतात आणि चेहऱ्यावर जाळी उठते. तसला फोटो आणाच, नाही म्हणत नाही, फक्त दोन दिवस आधी आणा म्हणजे हाताने साफ करायला वेळ मिळतो.

आपल्याकडे याच्या आधी रंगीत चित्रं कशी छापायचे ते बघितलं की या चार ठिपक्यांची किंमत कळते. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथे लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं दगडावरून छापली जायची आणि प्रत्येक रंगछटेला वेगळा दगड, म्हणजे एका चित्रासाठी तोच कागद कितीतरी वेळा दाबाखाली जायचा आणि दर वेळी रंग बरोब्बर जागेवर बसला पाहिजे. आजही कुणाच्या देवघरात त्यातलं एखादं चित्र असेल तर काचेतून जरा निरखून बघा, त्या कारागिरांना हात जोडावेसे वाटतात.

कागदही रंगच असतो

ही गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. आपली शाई भिंतीच्या रंगासारखी खालचं झाकणारी नसते, ती रंगीत काचेसारखी पारदर्शक असते, उजेड शाईतून खाली जातो, कागदावर आपटतो आणि परत शाईतून वर येतो. पांढरी शाई आमच्या चार रंगांत नाहीच, पत्रिकेवर पांढरी अक्षरं दिसतात तो मोकळा सोडलेला कागद असतो. म्हणून तेच डिझाइन चकचकीत आर्ट पेपरवर खुलतं, मॅपलिथोवर, म्हणजे साध्या बिनचकाकीच्या कागदावर, जरा दबतं कारण तो शाई पितो आणि ठिपका पसरतो, आणि तपकिरी क्राफ्ट कागदावर एकदम वेगळं होतं. मागे एका बेदाणेवाल्यांना क्राफ्टचा बॉक्स पाहिजे होता, हल्ली तो गावठी लूक चालतो, आणि त्यावर हिरवट-सोनेरी बेदाण्याचा फोटो. तपकिरीवर छापल्यावर बेदाणा मनुकेसारखा दिसायला लागला. शेवटी पांढऱ्या डुप्लेक्स पुठ्ठ्यावर छापलं आणि बॅकग्राउंडला क्राफ्टचं टेक्श्चर छापून दिलं, तेव्हा बेदाणा बेदाण्यासारखा दिसला.

काही रंग मात्र चार शायांत होतच नाहीत, कितीही करा. मोबाईलवरचा तो रेडियमसारखा पोपटी, भडक केशरी, गडद चमकदार निळा, हे स्क्रीनवर जमतात कारण तिथे दिवा आहे. भगवा आम्ही मजेंटा ६० आणि पिवळा १०० च्या आसपास करतो, चांगला येतो, पण झेंड्यावर ऊन पडल्यावर जी झळाळी दिसते ती कागदावर येणार नाही, हे आधीच सांगतो. निळ्याचा तर वेगळाच त्रास, सायन १०० मजेंटा १०० केलं की स्क्रीनवर निळं आणि कागदावर जांभळं, म्हणून मजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी खाली ठेवायचा. सोनेरी-चंदेरी चार रंगांत फक्त पिवळट आणि राखाडी दिसतं, खरं सोनेरी पाहिजे तर फॉइल नाहीतर मेटॅलिक शाई. आणि तुमच्या कंपनीचा लोगोचा रंग दरवेळी तंतोतंत तोच पाहिजे असेल तर पाचवा स्पेशल कलर घ्या, पँटोन कंपनीच्या ठरलेल्या रंग-नंबरप्रमाणे शाई मिसळून वेगळी प्लेट लावतो. ही नंबरची पद्धत १९६३ पासून चालत आलीय. खर्च वाढतो, पण मोठ्या ब्रँडला परवडतो.

आणखी दोन गोष्टी. स्वस्तातलं १००० व्हिजिटिंग कार्डाचं काम दहा-वीस जणांचं एकाच शीटवर बसवून छापतात, तेव्हा शेजारच्याच्या कार्डाला लाल जास्त लागला की तुमच्याही कार्डात थोडा जास्त येतो, त्यामुळे मागच्या वेळच्या कार्डाशी रंग जुळेलच असं नाही. भाव कमी असतो तो त्यामुळेच. आणि दुकानाच्या काचेवर बाहेर लावायचं पोस्टर असेल तर आधी सांगा. सलूनच्या बाहेरची जुनी पोस्टरं निळी पडलेली बघितली असतील, उन्हात पिवळा आणि मजेंटा आधी उडतात, सायन आणि काळा टिकतात. बाहेरच्या कामाला आम्ही वेगळी शाई सुचवतो.

तर ऑर्डर देताना

फोटो व्हॉट्सअपवर पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की बारीक होऊन येतो आणि छपाईला ३०० डीपीआय (फोटोच्या एका इंचात ३०० बिंदू) लागतं. डिझाइन बाहेरून करून आणत असाल तर सीएमवायके मध्ये पीडीएफ आणा आणि फॉन्ट कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे आकार करून) आणा, नाहीतर श्रीलिपी या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरची अक्षरं आमच्या मशीनवर भलतीच उमटतात. रंगाचं ओके मात्र मोबाईलवर देऊ नका आणि आम्हीही आता घेत नाही. कागदावरचं प्रूफ बघा, आणि तेही ट्यूबलाइटखाली नको, दारात येऊन दिवसाच्या उजेडात बघा, कारण ट्यूबखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात. मॅट लॅमिनेशन करायचं असेल तर प्रूफवर तेही लावून बघा, मॅटने रंग थोडा दबतो. मशीनजवळ उभं राहून बघायचं असलं तर कधीही या, फक्त ओली शाई जास्त चमकते, वाळली की थोडी उतरते, एवढं लक्षात ठेवा.

आणि हळदीचं लेबल करायचं असेल तर येताना पुडीत थोडी हळद बांधून आणा. राजापुरी असो की सेलम, ज्या मालाचं लेबल तोच माल आणा. पांढऱ्या कागदावर ती ठेवून शेजारी प्रूफ धरतो आणि पिवळा १०० ठेवून मजेंटा १५, २०, २५ असे तीन तुकडे काढून देतो, तुम्ही दारात उभं राहून बोट ठेवाल तोच आकडा प्लेटवर जाईल.